डब्यातून काढून घेतलेली साखर

रिहे गावाहून येणारी बस थांबली, उतरणारे उतरले आणि बस पुढे निघून गेली. खिडकीत उभी असलेली केतकी मागे वळली आणि म्हणाली, "आजही नाही आल्या मंगलताई. सर, मला वाटतं केस क्लोज करू या."

मी चहा करत होतो. आमच्या क्लिनिकमध्ये साखर नेहमी संपलेली असते. ती कुणी आणायची यावर आमचं कधी एकमत झालेलं नाही. पण गेले काही दिवस बरणीत साखर होती, त्यामुळे मी खुशीत होतो आणि सढळ हाताने गोड चहा पीत होतो. त्या साखरेचा न आलेल्या मंगलताईंशी काही संबंध असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

मी विचारलं, मेसेज केलास का? तिने मोबाइल पुढे केला. 'आज आपली अकराची वेळ होती. पुढील वेळ हवी असल्यास कळवावे.' मी म्हटलं, वीजबिलाचा मेसेज याहून मायेने लिहिलेला असतो. केतकी हसली नाही. विनोद बरा होता, पण ती हसली नाही, हे मी लक्षात ठेवलं. आमच्या धंद्यात असली बारीकसारीक गोष्ट कधी कामाला येईल सांगता येत नाही.

आमचं क्लिनिक पिरंगुटच्या मुख्य रस्त्यावर, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, एक बाकडं आणि एक चहाची शेगडी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. म्हणजे गोळ्या न देणारा, बोलणारा. सरकारी इस्पितळातून रिटायर झालो, घरी बसवेना, म्हणून हे सुरू केलं. नुसतं बोलून काय होतं, असं लोक विचारतात. इतकी वर्षं झाली, मलाही अधूनमधून हा प्रश्न पडतो, आणि पडतो म्हणूनच कामाचा कंटाळा येत नाही.

केतकी माझी ज्युनिअर. हुशार, वेळेची पक्की. नोट्स त्याच दिवशी पूर्ण. थेरपिस्ट आपल्या केसेस घेऊन दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे जाऊन बसतो, त्याला आम्ही सुपरव्हिजन म्हणतो. चुका काढणं हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा, की क्लायंटकडे बघताना तुझं स्वतःचं काय काय मध्ये येतंय ते बघ. केतकी माझ्याकडे सुपरव्हिजनला बसायची. मी कुणाकडे बसायचो? कुणाकडेच नाही. सीनिअर ना आम्ही.

आम्हा दोघांत एक गमतीचा फरक होता. केतकीचे क्लायंट लवकर सुधारायचे आणि एक दिवस न सांगता यायचे बंद व्हायचे. माझे क्लायंट जायचेच नाहीत. भूगावच्या सोसायटीतले बापट नावाचे एक गृहस्थ बायको गेल्यावर झोप येत नाही म्हणून आले होते. झोप यायला लागून जमाना झाला, तरी दर मंगळवारी ते येतच होते. हा फरक मी माझ्या अनुभवाच्या खात्यावर जमा करून टाकला होता. लोकांना माझा लळा लागतो, असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

आता मंगलताईंबद्दल. नावं सगळी बदललेली आहेत. लिहू का, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लिवा की. पन वय जरा कमी लिवा." म्हणून लिहितो, की त्या चाळिशीच्या आतल्या आहेत.

रिह्याला त्यांची थोडी भातखाचरं आणि पाच-सहा शेळ्या. त्या स्वतः इथल्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवर. मुलगी पूजा. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ती हॉस्टेलला गेली. ती गेली आणि मंगलताईंना लाइनवर झटके यायला लागले. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आता जीव जातोय असं वाटतं. ईसीजी केला, चांगला आला. पुन्हा केला, पुन्हा चांगला आला. मग कंपनीच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. हा पॅनिक अटॅक. आग लागलेली नसताना कंपनीतला भोंगा वाजावा तसं शरीर करतं. भोंगा अगदी खरा असतो, त्यामुळे माणूस घाबरतो ते काही खोटं नसतं.

झटका यायची वेळ ठरलेली होती. मंगलताई पूजाला फोन करायच्या. पूजा म्हणायची, "बरी आहे, ठेवते." फोन बंद. की इकडे धडधड सुरू. मग पुन्हा फोन. पूजा उचलायची नाही. मग झटका. मग कुणीतरी पूजाला कळवायचं, की तुझी आई पडली. की पूजा कॉलेज टाकून रिह्याला. असं बऱ्याचदा झालं, तेव्हा हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी तंबी दिली. हजेरी भरत नाही, आणखी एकदा आठवड्याच्या मधेच घरी गेलीस तर परीक्षेला बसू देणार नाही आणि हॉस्टेलची खोलीही जाईल. मंगलताई पहिल्याच दिवशी केतकीला म्हणाल्या होत्या, "तिनं शिकावं म्हनून मी हाडाची काडं केली. अन् आता मीच आडवी येतीय तिला."

म्हणजे प्रश्न नुसत्या धडधडीचा नव्हता. पोरीचं वर्ष आणि पुढचं सगळंच त्यावर टांगलेलं होतं.

केतकीने काम उत्तम चालवलं. श्वासाचे व्यायाम, दोन फोनमधलं अंतर हळूहळू वाढवणं, धडधड झाली तरी जीव जात नाही हे शरीराला पटवणं. गुरुवार हा इथला कारखान्यांच्या सुट्टीचा वार. मंगलताई दर गुरुवारी बसने यायच्या आणि हसत जायच्या. झटके कमी झाले. पूजा महिनाभर मधेच घरी आली नाही. आणि मग मंगलताई यायच्याच बंद झाल्या.

केस क्लोज करायला मी नको म्हटलं. आणखी एक आठवडा थांबू, एवढं ठरलं. शनिवारी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. मंगळवारी मंगलताईंना लाइनवर मोठा झटका आला होता. त्यासाठी पूजा बुधवारी कॉलेज टाकून येऊन गेली होती. रेक्टरबाईंनी हे शेवटचं म्हणून सोडलं होतं.

केतकी त्या दिवशी सुट्टीवर होती. नियम असा, की क्लायंट ज्याचा, फोन त्याने करायचा. सुपरव्हायझरने मध्ये घुसायचं नाही. हा नियम मी स्वतः केतकीला शिकवला होता. तरी मी फोन उचलला. पोरीचं वर्ष जातंय आणि नियम कसले बघत बसता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला राहवलं नाही.

मंगलताईंनी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"सर, तुमी? म्याडमनी करायला सांगितला का?"

"नाही. मीच केला."

"मंग ऱ्हाऊ द्या."

मी विचारलं, काय झालं, यायच्या का थांबलात? आधी 'कुटं काय' म्हणाल्या. मग सांगितलं. दिवाळीनंतर भात झोडपून झाला, तेव्हा त्यांनी घरचा नवा इंद्रायणी तांदूळ स्टीलच्या डब्यात भरून केतकीला आणून दिला होता. केतकीने तो ठेवून घेतला. पुढच्या गुरुवारी डबा परत दिला आणि समजावून सांगितलं, की यापुढे काही आणू नका, आपल्या कामाची एक चौकट असते.

"त्याचं काय न्हाई," मंगलताई म्हणाल्या. "नका म्हनल्या, नाय आननार. पन डबा रिकामा दिला वं, सर. घासूनपुसून, आरशावानी. संबंद तोडायचा आसंल तवा आमच्यात रिकामा डबा देत्यात. मला कळलं. मी लई चिकटतीया, म्हनून म्याडमनी सोडवून घेतलं. पूजागत."

शेजारघरचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. चिमूटभर साखर, दोन लिंबं, चार चिंचा, काहीतरी घालून द्यायचं. आपण कुणी हे शिकवल्याशिवाय शिकलेलो असतो. केतकी साताऱ्याची आहे. तिला हे माहीत नसेल असं शक्यच नव्हतं. मला आता या प्रकरणाची खरोखरची उत्सुकता वाटायला लागली. माहीत नसल्यामुळे माणूस चुकला तर त्यात बघण्यासारखं काही नसतं. माहीत असून चुकला की आमचं काम सुरू होतं.

सोमवारी केतकी आली. मी आधी सांगून टाकलं, की मंगलताईंना मी फोन केला. तिचा चेहरा बदलला.

"का केलात?"

मी वर्ष, रेक्टर, झटका असं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे सगळं तुम्ही मला सांगू शकला असता, मी केला असता फोन. मी सरळ डब्याकडे वळलो. सीनिअर असण्याचा हा एक फायदा असतो. मी विचारलं, तुझ्या शेजारीण काकूंचा डबा तू रिकामा देतेस का?

"नाही."

"मग?"

ती टेबलाकडे बघत बसली. आमच्या कामात शांतता भरून काढायची नसते, तिला वेळ द्यायचा असतो. मला ते मुळीच जमत नाही, पण त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

"डब्यात साखर होती, सर," ती म्हणाली. "घरून वाटीभर घालून आणली होती. इथे आले, डबा टेबलावर ठेवला आणि काढून टाकली. चहाच्या बरणीत ओतली. डबा पुन्हा धुतला, पुसला."

माझ्यासमोर चहाचा कप होता. हात मांडीखालून काढून तो मी हळूच लांब सरकवला.

"का काढलीस?"

"त्यांना वाटलं असतं, मी त्यांची कुणीतरी आहे."

"मग? नाहीयेस?"

तिचे डोळे भरून आले. त्या पोरीला रडताना मी पहिल्यांदा बघत होतो. मलाही गलबलून आलं. मग तिने सांगितलं. वडील फौजेत, दर दोन-तीन वर्षांनी बदली. शिक्षण एका जागी व्हावं म्हणून तिला पाचवीपासून हॉस्टेलला ठेवलेलं. आठवड्यातून एकदा आईचा फोन. बाकीच्या मुली फोनवर हमसून रडायच्या. ही दोन वाक्यं बोलून फोन ठेवायची. सगळे म्हणायचे, किती समजूतदार मुलगी आहे. ती म्हणाली, "समजूतदार नव्हते. जास्त बोलले तर रडू यायचं. आणि रडून आई येणार नव्हतीच."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या शास्त्रात अटॅचमेंट स्टाइल म्हणून एक गोष्ट आहे. मराठीत आपण जिव्हाळ्याची सवय म्हणू. तान्हं मूल रडतं. बहुतेक वेळा कुणी उचलून घेतलं, तर त्याला कळतं, की माणसं येतात. मग ते रांगत लांबही जातं आणि परतही येतं. कधी उचललं, कधी नाही, असं झालं तर मूल जोरात रडायला शिकतं आणि एकदा कडेवर चढलं की उतरत नाही. आणि रडून बहुतेक वेळा कुणी आलंच नाही, तर मूल रडायचंच थांबतं. लोकांना वाटतं, शहाणं मूल. मोठेपणीही या सवयी राहतात, लग्नात दिसतात, ऑफिसात दिसतात. कायमच्या चिकटलेल्या नसतात, बदलतात. पण त्यासाठी आधी त्या दिसाव्या लागतात.

क्लायंटच्या सवयीबद्दल आम्ही खूप बोलतो. मंगलताईंच्या फाइलवर पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं होतं, की या चिकटून राहणाऱ्या. थेरपिस्टची सवय मात्र कुठल्याच फाइलवर लिहिलेली नसते. केतकी मागे सरणारी. कुणी जवळ आलं की ती चौकटीची, नियमांची आठवण काढते. नियम खरेच असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. भेटवस्तू घेताना विचार करावा हा नियम आहे. डबा घासूनपुसून रिकामा द्यावा असा नियम जगाच्या पाठीवर कुठेही नाही. तिचे क्लायंट सुधारले की न सांगता का जातात हेही मला आता समजलं. जवळ यायची वेळ आली की ती नकळत दार थोडं लोटून घ्यायची. समोरचा माणूस ते बरोबर ओळखायचा आणि मुकाट्याने जायचा.

हे सगळं मी केतकीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तिने नाक पुसलं, चष्मा लावला आणि म्हणाली, "बरोबर आहे, सर. आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुमचे क्लायंट जातच नाहीत. बापट काका ठणठणीत आहेत. परवा ते मला बाकड्यावर बसून शब्दकोडं विचारत होते. आणि मंगलताई माझ्या क्लायंट, तरी तुम्हाला शनिवारपासून सोमवारपर्यंत थांबता आलं नाही. साखर मी काढली. तुम्ही असतात तर आख्खं पोतं दिलं असतं."

ही पोरगी हुशार आहे हे मी आधीच लिहिलेलं आहे.

मला राग आला. मग हसू आलं. आणि मग बऱ्याच वर्षांनी आईची खाट आठवली. माझी आई सतत आजारी असायची. शाळेतून आलो की मी तिच्या खाटेशी बसायचो. मी खेळायला उठलो तर हिला काहीतरी होईल, असं मला वाटायचं. त्यामुळे मी उठायचोच नाही. तिला बरं वाटलं तरी उठायचो नाही. हे मी केतकीला सांगितलं. त्या दिवशी कोण कुणाकडे सुपरव्हिजनला बसलं होतं हे सांगणं कठीण आहे.

पुढे काय करायचं यावर आम्ही बोललो. मी म्हटलं, फोनवर काय बोलायचं ते आपण आधी ठरवू. ती म्हणाली, नको, मी बोलते. मी म्हटलं, निदान मुद्दे काढू. ती म्हणाली, "सर, हात मांडीखाली." आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

ती लवकरच बाहेर आली. मंगलताईंना एवढंच सांगितलं होतं, की डबा रिकामा दिला ते माझं चुकलं, तुम्ही आलात तर मला बरं वाटेल, नाही आलात तरी हे सांगायचं होतं. त्यावर मंगलताई 'बगते' म्हणाल्या होत्या. मला ते पुरेसं वाटेना. केतकीला पुरेसं वाटलं.

गुरुवारी खिडकीत मी उभा. केतकीने मला माझ्या खुर्चीत बसायला सांगितलं. बस आली. जिन्यावर पावलं वाजली, आणि मंगलताई हातात कापडी पिशवी घेऊन वर आल्या. माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. नमस्कार करून आत गेल्या.

आत काय झालं ते केतकीने मला नंतर सुपरव्हिजनमध्ये सांगितलं, मंगलताईंना विचारून. थेरपिस्टने स्वतःबद्दल क्लायंटला किती सांगावं, हा आमच्याकडे मोठा वादाचा विषय आहे. साधा नियम असा, की आपलं मन हलकं करायला सांगायचं नाही, समोरच्याच्या उपयोगाचं असेल तेवढंच सांगायचं. केतकीने तेवढंच सांगितलं.

"साखर घातली होती, मंगलताई. घरून आणली होती. इथे आल्यावर काढून घेतली."

"का वं?"

"कुणी जवळ आलं की मी मागे सरते. जुनी सवय आहे. तुम्ही चिकटता म्हणून नाही. मी लहानपणी हॉस्टेलला होते. आईचा फोन आला की लगेच ठेवून द्यायचे."

"आईचा फोन? का?"

"जास्त बोलले की रडू यायचं."

मंगलताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मंग आमची पूजाबी...?"

इथे मी असतो तर हो म्हणून टाकलं असतं. केतकी मागे सरणारी, तिला इथे मागे कसं थांबायचं ते बरोबर माहीत होतं. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. पूजालाच विचारा."

मंगलताईंनी डोळे पुसले. पिशवीतून तो डबा काढला, झाकण उघडून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता माजी साखर द्या."

केतकी डबा घेऊन बाहेर आली. शेगडीजवळच्या बरणीत तिने डोकावून पाहिलं. बरणीच्या तळाशी दीड चमचा साखर होती. बाकीची मी प्यायलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जिना उतरलो आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून अर्धा किलो साखर घेऊन आलो. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये क्लायंटसाठी मी केलेलं सर्वांत नेमकं काम हेच असावं. केतकीने त्यातली एक वाटी डब्यात घातली. मी आणखी घाल म्हणालो नाही.

पुढचं थोडक्यात. मंगलताईंनी पूजाला विचारलं. पूजा म्हणाली, "आये, तुजा आवाज ऐकला की बॅग भरावी वाटती. म्हनून ठिवती." मायलेकी दोघी फोनवर रडल्या, आणि विशेष म्हणजे त्या दिवशी मंगलताईंना झटका आला नाही. मग केतकीने दोघींशी बोलून एक पद्धत बसवली. मेसमधलं जेवण झालं की रोज एकच फोन, आणि तो ठेवायचा आईने. पूजाने नाही. आधी मंगलताईंना हे भलतंच वाटलं. आपल्या हाताने कसा ठेवू? पण जमलं. फोन आपण ठेवला की आपल्याला कुणी सोडून गेल्यासारखं वाटत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं. लाइनवर त्यानंतरही एकदा धडधड झाली. खोक्यावर टेकल्या, श्वास मोजला, पुन्हा उठून टेप लावायला लागल्या. पूजाला कुणी कळवलं नाही. ती परीक्षेला बसली. एक विषय राहिला, तो पुढच्या खेपेला सुटला. सध्या ती वॉर्डात ड्युटी करते आणि आईचं बीपी घरबसल्या फोनवर विचारते. आता मंगलताईच म्हणतात, किती फोन करतीस.

केतकीने मंगलताईंचं शेवटचं सेशन रीतसर केलं. म्हणजे आता आपण थांबणार हे आधी सांगितलं, थांबताना काय वाटतंय तेही दोघी बोलल्या. तिचे क्लायंट आता थोडे जास्त दिवस येतात आणि जाताना सांगून जातात. त्यातले काही जण तिला वाईट वाटायला लावून जातात. ती ते मला सांगते. मीही एका जुन्या सहकारी बाईंकडे सुपरव्हिजनला जायला लागलो आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे बापट अजून का येतात? सगळ्यांना बापटच कसे दिसतात कोण जाणे.

मग एका मंगळवारी मी धीर केला. बापटांना म्हटलं, तुमची झोप छान आहे, भूक छान आहे, नातवंडं येऊन-जाऊन असतात, तुम्ही ताम्हिणीला ट्रेकला जाऊन आलात. आपण आता थांबण्याबद्दल बोलू या का?  त्यांना किती लागेल, कसं सावरायचं, याची सगळी तयारी मी करून ठेवली होती.

बापटांनी हातातली टोपी दोनदा फिरवली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"डॉक्टर, खरं सांगू? मी दोन वर्षांपासून बरा आहे. पण मी यायचं बंद केलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून येत होतो."

त्यांनी उठून माझा हात हातात घेतला, तब्येतीला जपा म्हणाले आणि गेले. मी खिडकीतून पाहिलं नाही. मला वाईट वाटलंच, ते मी गुरुवारी केतकीला सांगितलं. तिने माझ्यासाठी चहा केला. साखर किती घालू, असं विचारलं, आणि मी सांगितली तेवढीच घातली.